क्यूवाय ७०वर पुन्हा पुन्हा ‘मेमरी फुल’: गाणी पुसण्याआधी हे बघा

गणपतीच्या आधीच्या पंधरवड्यात मला एक फोन ठरलेला असतो. “दादा, परत मेमरी फुल आलं. कुठलं गाणं उडवू?” विचारणारा दर वर्षी वेगळा. यंत्र मात्र बहुतेक वेळा तेच, यामाहाचा क्यूवाय ७० सीक्वेन्सर, म्हणजे वाजवलेले सूर नोंदवून तेच परत वाजवणारं छोटं यंत्र. कुणाकडून तरी सेकंडहँड घेतलेला, पाऊचसकट, माहितीपुस्तिका नसलेला.

या वर्षी फोन आला तो आमच्याच ऑर्केस्ट्रात नव्याने वाजवायला लागलेल्या पोराचा. यंत्रात बारा गाणी होती. तेरावं रेकॉर्ड करताना दुसऱ्या अंतऱ्याआधीच्या पीसमध्ये पडद्यावर संदेश आला आणि रेकॉर्डिंग थांबलं. त्याने दोन जुनी गाणी पुसली, पुढे गेला, तासाभरात परत तेच. आता आणखी दोन पुसायच्या बेतात होता.

“काही पुसू नकोस,” मी म्हटलं. “आधी सांग, रेकॉर्डिंगला कीबोर्ड कुठला लावलायस?”

मेमरी भरली सीक्वेन्सरची आणि हा विचारतोय कीबोर्डचं, असं त्याला वाटलं असणार. पण दहातल्या सात वेळा चोर तिथेच सापडतो.

३२,००० नोट्स गेल्या कुठे?

क्यूवाय ७० बाजारात आला १९९७ साली. त्याची क्षमता साधारण ३२,००० नोट्स आणि २० गाणी. हा ‘साधारण’ शब्द महत्त्वाचा आहे. आपला ऑर्केस्ट्राचा हिशेब मांडून बघा. ताल पॅटर्नवर, म्हणजे एकदा साठवून पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या तुकड्यावर, ठेवला, तर बेस, स्ट्रिंग्ज, कोरसची पट्टी आणि मधले पीस मिळून माझ्या गाण्यांत दीड-दोन हजार नोट्स होतात. बारा गाण्यांचे झाले वीस-बावीस हजार. मग उरलेले दहा हजार गेले कुठे?

सीक्वेन्सरच्या लेखी नोट ही अनेक प्रकारच्या नोंदींपैकी एक नोंद. सूर वरखाली सरकवायचं कीबोर्डवरचं चाक ढकललं की नोंद. पेडल दाबलं की नोंद, सोडलं की नोंद. आणि पट्टी दाबून धरल्यावर तिच्यावर बोटाचा भार कमीजास्त झाला, तर प्रत्येक बदलाची वेगळी नोंद. या शेवटच्या प्रकाराला आफ्टरटच म्हणतात, काही कीबोर्डांवर चॅनल प्रेशर. क्यूवायच्या अंगावरच्या चिमुकल्या बटणांना आफ्टरटच नाही, त्यामुळे त्यांच्यावर रेकॉर्ड करणाऱ्याला हा त्रास कधी होत नाही. चांगला, वजनदार मास्टर कीबोर्ड जोडला की सुरू होतो. आमच्या पोराने आधीच्याच महिन्यात नवा कीबोर्ड घेतला होता.

कीबोर्ड आणि क्यूवाय ज्या मिडीच्या तारेने जोडतो, तिच्यातून सेकंदाला ३१,२५० बिट जातात. एका बाइटमागे सुरुवातीचा आणि शेवटचा धरून दहा बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ३,१२५ बाइट. नोट सुरू झाल्याचा संदेश तीन बाइटचा, आफ्टरटचचा दोनच बाइटचा. म्हणजे तार कितीही आफ्टरटच आनंदाने वाहून नेईल, ती कुठे अडवणार नाही. समजा, तुमचा कीबोर्ड सेकंदाला ५० बदल पाठवतोय. १२०च्या लयीत चार-चारचे चार बार म्हणजे आठ सेकंद. तेवढा वेळ तुम्ही स्ट्रिंग्जची एक कॉर्ड धरून ठेवलीत, तर कागदावर तीन नोट्स आणि यंत्राच्या पोटात तीन नोट्स अधिक ४०० नोंदी. प्रत्येक नोंदीबरोबर ती कधी घडली ती वेळही लिहावी लागते. शांत, लांब सुरांचं गाणं, ज्यात वाजवायला काही नाही म्हणून आपण निर्धास्त असतो, तेच सगळ्यात जास्त जागा खातं. उडत्या लावणीला बोट टिकतच नाही पट्टीवर, ती बिचारी कमी जागेत मावते.

यातली खरी चीड आणणारी गोष्ट पुढे आहे. क्यूवाय ७० ज्या एक्सजी पद्धतीने आवाज काढतो, तिच्या मूळ सेटिंगमध्ये आफ्टरटचचा आवाजावर काहीही परिणाम होत नाही. मुद्दाम जोडून दिला तरच होतो. म्हणजे जागा तर गेली आणि ऐकूही काही आलं नाही. म्हणूनच कानाने हा दोष सापडत नाही.

खात्री कशी करायची

रिकामं गाणं घ्या. एका ट्रॅकवर चार बार रेकॉर्ड करा: एकच कॉर्ड, नेहमीसारखी, तालमीत वाजवता तेवढ्या जोराने धरून. थांबवा आणि एडिटमध्ये जाऊन नोंदींची यादी उघडा. तीन नोट्स दिसतील. त्यांच्या खाली ‘सीएटी’ असं लिहिलेल्या ओळींची रांग लागली असेल, तर निदान झालं. यादी खाली सरकवत राहा, कंटाळा येईपर्यंत संपणार नाही. ती ओळ म्हणजे चॅनल आफ्टरटच. ‘पीएटी’ दिसली तर प्रत्येक पट्टीचा वेगळा दाब नोंदवला जातोय, आणि मग कॉर्डमधल्या सुरांच्या संख्येने गुणाकार करा.

पोराने फोन चालू ठेवूनच हे केलं. बराच वेळ नुसता बटणाचा टकटक आवाज. मग म्हणाला, “दादा, हे सगळं मी वाजवलंय?”

बंद कुठे करायचं, आणि परत का सुरू होतं

उगमाशी बंद करा, म्हणजे कीबोर्डवर. आफ्टरटच किंवा चॅनल प्रेशर पाठवण्याचं सेटिंग असतं, ते ऑफ. मग वरची चार बारची चाचणी परत. यादीत फक्त नोट्स आल्या की पुढे जा.

आता हा दोष ‘वारंवार’ का येतो ते बघू. अनेक कीबोर्डांत हे सेटिंग सबंध यंत्राचं नसतं, त्या त्या पॅचचं, म्हणजे कीबोर्डवर साठवलेल्या आवाजाचं, असतं. तुम्ही पियानोच्या पॅचवर बंद केलंत, स्ट्रिंग्जच्या पॅचवर गेलात, तिथे ते चालूच. किंवा बंद केलंत पण साठवलं नाहीत, संध्याकाळी वीज गेली, परत चालू केलं तर कीबोर्ड मूळ पदावर. मी स्वतः एक सबंध हंगाम हीच चूक केली आहे. दर रविवारी बंद करायचो आणि दर गुरुवारी मेमरी भरायची. शेवटी रेकॉर्डिंगसाठी एक वेगळाच पॅच केला: आफ्टरटच बंद, बाकी काही नाही. आवाज तर क्यूवायमधूनच यायचाय, कीबोर्डवर कुठला पॅच आहे याने काय फरक पडतो?

जे आधीच रेकॉर्ड झालंय, त्यातून आफ्टरटच काढायला जॉबमध्ये, म्हणजे यंत्रातल्या संपादनाच्या तयार कामांच्या यादीत, ‘इरेज इव्हेंट’ आहे. ट्रॅक निवडा, पहिल्या बारपासून शेवटच्या बारपर्यंत हद्द द्या, प्रकार म्हणून सीएटी निवडा. इथे हात घाईत चालवू नका. प्रकाराच्या जागी ‘ऑल’ राहिला तर नोट्सही जातील. गेल्याच, तर पुढचा कुठलाही जॉब करण्याआधी लगेच अनडू करा.

आणि एक गंमत: मेमरी अगदी काठोकाठ भरलेली असेल तर पुसण्याचा जॉबच ‘मेमरी फुल’ म्हणून नकार देऊ शकतो. अनडू करता यावं म्हणून आधीच्या अवस्थेची प्रत कुठेतरी ठेवावी लागते, आणि ती ठेवायलाच जागा नसते. अशा वेळी सगळा ट्रॅक एकदम घेऊ नका. आठ-आठ बारचे तुकडे करा. पहिले दोन-तीन तुकडे झाले की श्वास घ्यायला जागा होते, मग मोठी हद्द दिली तरी चालते.

पिच बेंडला हात लावताना

आफ्टरटच निघाल्यावर बहुतेकांचं काम भागतं. नाही भागलं, तर पुढचा संशय पिच बेंडवर (चाकाने सूर सरकवणं) आणि मॉड्युलेशनवर (सूर थरथरवणं). इथे मात्र सरसकट पुसणं चालणार नाही. शहनाईच्या किंवा बासरीच्या आवाजावर चाकाने काढलेली मींड म्हणजेच ते गाणं आहे, ती पुसली तर उरतो कॅसिओ.

त्यासाठी ‘थिन आउट’ नावाचा जॉब आहे. तो निवडलेल्या प्रकारच्या सलग नोंदींमधल्या मधल्या मधल्या गाळतो, साधारण निम्म्या करतो. एकदा चालवला तर सहसा कानाला कळतही नाही. दुसऱ्यांदा चालवलात तर पाव उरतं, आणि मग सावकाश मींडेला पायऱ्या पडायला लागतात. संथ मींड असेल आणि बेंड रेंज मोठी, म्हणजे चाकाने सूर जास्त लांब सरकत असेल, तर पायऱ्या लवकर ऐकू येतात. जलद हरकतीत दोनदा चालवूनही चालून जातं. म्हणून गाणंभर एकदम न चालवता पीसपुरता चालवा, ऐका, मग पुढे.

थिन आउट केल्यानंतर एक गोष्ट डोळ्यांनी तपासायचीच: प्रत्येक मींडेच्या शेवटी बेंडची शून्याची नोंद शिल्लक आहे ना. ती गेली तर चाक तिथेच अडकल्यासारखं होतं आणि त्या ट्रॅकचे पुढचे सगळे सूर चढे किंवा उतरे वाजतात. गायक तुमच्याकडे बघतो, तुम्ही गिटारवाल्याकडे बघता. पेडलचंही तसंच. हाताने नोंदी पुसताना पेडल सोडल्याची नोंद उडाली, तर सगळे सूर एकमेकांत मिसळून चिखल होतो.

दुसरी शक्यता म्हणजे चाकाला कुणी हातही लावला नव्हता. जुन्या कीबोर्डच्या चाकातला किंवा एक्स्प्रेशन पेडलमधला पॉट, म्हणजे ते किती हललं हे मोजणारा भाग, झिजला, धूळ बसली, की तो स्वतःहून थरथरतो. यादीत बघा: पिच बेंड किंवा सीसी ११च्या (एक्स्प्रेशन पेडलच्या) ओळी दोन शेजारच्या आकड्यांमध्ये मागेपुढे, मागेपुढे, गाणंभर. पेडल असेल तर रेकॉर्डिंगपुरतं काढून ठेवा. चाक असेल तर पॉट साफ करून घ्या, नाही सुधारला तर बदलून घ्या. तोवर दर रेकॉर्डिंगनंतर पुसत बसावं लागेल.

आपणच केलेले पसारे

आफ्टरटच निदान नकळत येतो. पुढचे पसारे आपण स्वतः घालतो, आणि त्यातला सगळ्यात मोठा ‘एक्स्पांड बॅकिंग’.

क्यूवायमध्ये १६ ट्रॅकशिवाय पॅटर्नचा आणि कॉर्डचा असे वेगळे ट्रॅक असतात. पॅटर्नच्या ट्रॅकवर फक्त ‘या बारपासून हा पॅटर्न’ एवढंच लिहिलेलं असतं. केहरव्याचा एक बार घ्या: ढोलकचे १६ आघात, खंजिरीचे ८, बेसचे ४, एकूण २८. पॅटर्न म्हणून ठेवलात तर हे २८ एकदाच साठतात आणि ९६ बार वाजतात. एक्स्पांड बॅकिंग केलंत की तेच ९६ वेळा ट्रॅकवर उतरतात: २,६८८ नोट्स. एका गाण्याच्या तालात पूर्ण गाण्याएवढी जागा गेली. आणि हे केलेलं असतं कशासाठी? एका ठिकाणी तिहाई घालायची होती म्हणून. तिहाईचा बार वेगळा पॅटर्न करा, तेवढ्याच ठिकाणी बोलवा. यंत्रातले तयार पॅटर्न वापरलेत तर तुमच्या साठ्यातलं त्या पॅटर्नसाठी काहीच जात नाही, पण त्यात आपल्या ढोलकीला शोभणारं फारसं नाही, हे मान्य.

दुसरा पसारा स्केलचा. एकच गाणं गायकासाठी काळी एकमध्ये आणि गायिकेसाठी काळी चारमध्ये, म्हणून ‘कॉपी सॉन्ग’ करून दोन जागा अडवलेल्या. असे तीन-चार जोड मी एका यंत्रात पाहिलेत. एकच प्रत ठेवा आणि वाजवताना ट्रान्सपोज करा. कायमचं बदलायचंच असेल तर ट्रान्सपोजच्या जॉबमधून रिदमचा ट्रॅक वगळा, नाहीतर तालाची पट्टी सरकते आणि ढोलकच्या जागी भलतंच काहीतरी वाजतं. कार्यक्रमात झालं तर लोक हसतात, मला माहीत आहे.

पॅटर्न लूपवर रेकॉर्ड करताना तोच आघात दोन-तीन फेऱ्यांत एकावर एक बसतो, तेही यादीत बघून काढा. जागा थोडीच वाचते, पण क्यूवाय ७०चे एका वेळचे सूर ३२च आहेत. दुहेरी आघातांनी ते भरले की लांबलेल्या स्ट्रिंग्ज मध्येच तुटतात, आणि तो दोष वेगळाच समजून माणूस भलतीकडे शोधत बसतो. क्वांटाइझ करून, म्हणजे सूर तालाच्या मात्रांवर नेमके बसवून, जागा वाचते असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. त्याने नोट सरकते, कमी होत नाही.

पुसायचं असेलच, तर आधी बाहेर काढा

एवढं करूनही खरोखर गाणी जास्त असतील, तर जुनी बाहेर काढून ठेवायची. क्यूवाय ७०ला फ्लॉपी नाही, कार्ड नाही. बल्क डंप करून, म्हणजे गाण्यांचा डेटा सबंध पाठवून, मिडीतून संगणकावर घ्यावं लागतं. संगणकावर सिस्टम एक्स्क्लुझिव्ह (त्या त्या कंपनीच्या यंत्राचे खास) संदेश साठवणारा कुठलाही प्रोग्रॅम चालतो. फसवतात त्या अगदी स्वस्त यूएसबी-मिडी केबल. नोट्स नीट जातात म्हणून आपण विश्वास ठेवतो, पण बल्क डंपचे लांब संदेश त्या मधेच तोडतात. संगणक म्हणतो झालं, फाइलही दिसते, आणि परत भरायला गेलं की यंत्र नाकारतं. म्हणून डंप घेतल्यावर आकार बघा. तेच गाणं दोनदा घ्या आणि दोन्ही फाइलींचा आकार सारखा येतोय का ते पाहा. मग एकच गाणं पुसून परत भरून बघा. ते वाजलं तरच बाकीची पुसा. परत भरताना एक गाणं भरताय की सगळं, हे नीट वाचा. ‘ऑल’चा डंप भरलात तर आत्ता यंत्रात जे आहे त्यावर तो बसतो.

क्यूवायमधली गाणी आतल्या लिथियम सेलवर टिकतात. सुरू करताना बॅकअप बॅटरी लो अशा अर्थाचा संदेश दिसू लागला तर ती बाहेरच्या सहा पेन्सिल सेलची तक्रार नाही, आतल्या सेलची आहे. सेल बदलताना सगळं पुसलं जातं असं धरूनच चाला. डंप आधी, दुरुस्तीवाला नंतर.

ज्यांच्याकडे रोलँडचा एक्सपी ५० किंवा एक्सपी ८० आहे त्यांची गोष्ट उलटी. एक्सपी ५०मध्ये साधारण २०,००० नोट्स, एक्सपी ८०मध्ये साधारण ६०,०००, पण आत एका वेळी एकच गाणं, आणि वीज गेली की तेही गेलं. तिथे गाणी साठत जाऊन मेमरी भरत नाही. एकाच गाण्यात भरली, तर वर सांगितलेल्या आफ्टरटचशिवाय दुसरं कारण मी तरी पाहिलेलं नाही. त्या कीबोर्डच्या स्वतःच्याच पट्ट्यांना आफ्टरटच आहे. फ्लॉपीवर सेव्ह केल्याशिवाय जेवायला उठायचं नाही, हा तिथला नियम. आणि कोकणातल्या मंडळींनी पावसाळ्यानंतर फ्लॉपीवर बुरशी धरली नाही ना ते बघावं. बरेच जण आता फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी पेनड्राइव्ह चालणारा इम्युलेटर बसवून घेतात, तो बरा.

आमच्या पोराने त्या रात्री अकरा गाण्यांचे स्ट्रिंग्जचे आणि कोरसचे ट्रॅक आठ-आठ बार करत साफ केले. पहाटे दोनला त्याचा मेसेज आला: तेरावं गाणं पूर्ण रेकॉर्ड झालं, आणि चौदाव्याची सुरुवातसुद्धा. पुसलेली दोन मात्र परत वाजवायला लागली. एकाचा मधला पीस त्याला आठवत नव्हता, तो मी फोनवर गुणगुणून दाखवला.